ग्रीन टी उकळू नका हो! लोंगजिंग हा काही डाएटचा काढा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत वजन उतरवणाऱ्या चहांवर एक पानभर लेख होता, त्यात चायनाचा 'ड्रॅगन वेल' ग्रीन टी पण होता आणि खाली कृती दिलेली, की दोन कप पाण्यात चमचाभर पत्ती टाकून पाच मिनिटं खळखळ उकळायचं, गाळायचं, लिंबू पिळायचं, मध घालायचा आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचं. मी वाचून पेपर खाली ठेवला, बायको आतून म्हणाली काय झालं ओ, कोण गेलं का? म्हटलं गेलं कोणी नाही, एका चहाचा खून झालाय, रंगीत पानावर, फोटोसकट.

पत्रं लिहायची सवय नाही मला, मी कापडाचा माणूस, इचलकरंजीचा, मीटर आणि पन्हा याच्यापुढे कधी लिहिलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण २०१२ ते २०१९ एवढी वर्षं धंद्यापायी माझं निम्मं आयुष्य चीनच्या झेजियांग प्रांतात गेलं, शाओशिंगजवळ केचिआओ म्हणून गाव आहे तिथं. गाव कसलं, कापडाचा समुद्र आहे तो, आणि आपले भारतीय व्यापारी तिथं इतके की संध्याकाळी काही गल्ल्यांत जिऱ्याच्या फोडणीचा वास येतो. तिथून हांगझोऊ हायस्पीड ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटांवर. हांगझोऊ म्हणजे तेच, जिथं २०२३ ला एशियन गेम्स झाल्या, आपल्या बीडच्या अविनाश साबळेने स्टीपलचेसचं गोल्ड मारलं आणि नागपूरच्या ओजस देवतळेने तिरंदाजीत तीन गोल्ड घेतले, ते शहर. तुमचा तो ड्रॅगन वेल त्या शहराच्या कडेच्या डोंगरातला. चिनी भाषेत लोंग म्हणजे ड्रॅगन आणि जिंग म्हणजे विहीर, लोंगजिंग हे आधी विहिरीचं, मग गावाचं आणि मग चहाचं नाव झालं.

पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मला काडीची अक्कल नव्हती हे कबूल करतो. आमच्या एका सप्लायरच्या दुकानात मालकाचे वडील बसायचे, ऐंशीच्या घरातले, आम्ही सगळे इंडियावाले त्यांना आजोबाच म्हणायचो, त्यांना पण तो शब्द पाठ झाला होता. त्यांनी साधा काचेचा ग्लास घेतला, तळाला चिमूटभर चपटी पानं टाकली, थर्मासमधलं पाणी जरासं ओतलं, ग्लास हातात धरून हळूच फिरवला, मग वरून बाकीचं पाणी. आणि ठेवला माझ्यासमोर. मी गाळणीची वाट बघत बसलो. पानं वर तरंगत होती, मग एकेक पान उभं राहिलं, अगदी सरळ, टोक वर करून, आणि सावकाश खाली बसायला लागलं, काही अर्ध्यात थांबून परत वर यायची. मी घाई करून घोट घेतला तर तीन पानं तोंडात. आजोबा हसले, फुंकर मारून पानं बाजूला करायची असतात हे करून दाखवलं. चव म्हणाल तर पहिल्या घोटाला मला काहीच कळली नाही, गरम पाणीच वाटलं, साखर नाही दूध नाही आलं नाही, आपली जीभ मेलेली असते हो. तिसऱ्या ग्लासाला कुठं कळलं, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचं झाकण काढल्यावर येतो ना वास, तसला काहीतरी, आणि गिळल्यावर मागून एक गोडी येते. चिनी लोक त्याला भाजलेल्या चेस्टनटचा वास म्हणतात, पण चेस्टनट आपण कुठं खाल्लेत, मला शेंगाच आठवल्या.

आणि ग्लास रिकामा करायचाच नाही, एक तृतीयांश राहिलं की वरून परत गरम पाणी. एक चिमूट चहा सकाळभर चालतो.

आता मुद्द्याचं. तुमच्या लेखात "ग्रीन टी" असा एकच पदार्थ असल्यासारखं लिहिलंय, म्हणजे "भात" म्हणावं आणि आंबेमोहोर, इंद्रायणी, बासमती सगळं एका पोत्यात ओतावं तसं झालं. ग्रीन टी ही काही वेगळी झाडं नसतात, आपल्या दुधाच्या चहाची आणि याची जात एकच. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं बघा, तसंच चहाचं पान खुडलं आणि कुस्करलं की लाल-काळं पडायला लागतं. ते पडू द्यायचं, तर आपला काळा चहा. खुडल्यावर लवकरच आच देऊन ते थांबवायचं, तर ग्रीन टी. जपानी लोक बहुतेक करून वाफ देऊन थांबवतात म्हणून त्यांचा चहा पालकासारखा हिरवागार, आणि चिनी लोक बहुतेक कढईत भाजून थांबवतात. लोंगजिंग भाजलेल्यातला, आणि त्याचं सगळं नाव त्या भाजण्यावर आणि त्या जागेवर आहे.

जागा म्हणजे किती बारीक हिशेब बघा. शीहू म्हणजे हांगझोऊचं वेस्ट लेक, त्याच्या मागच्या डोंगरातल्या पाच जागांची नावं तिथली माणसं एका दमात म्हणतात, शी, लोंग, युन, हू, मेई, म्हणजे शीफंग, लोंगजिंग, युनछी, हूपाओ आणि मेईजियाऊ. त्यातही शीफंग, म्हणजे सिंहाचं शिखर, सगळ्यात वरचा. २००१ ला सरकारने हद्द आखून दिली, १६८ चौरस किलोमीटर, त्याच्या आत पिकला तरच "शीहू लोंगजिंग". त्याच्या बाहेर पण झेजियांग प्रांतातच ठरलेल्या तालुक्यांत पिकला तर "छियानथांग लोंगजिंग" नाहीतर "युएचौ लोंगजिंग", म्हणजे लोंगजिंग म्हणता येतं पण शीहू म्हणता येत नाही. आणि प्रांताबाहेर तशाच कढईत तसाच चपटा भाजला तरी ते नाव लावायला बंदी. आमचे आजोबा मूळचे शिनचांगचे, तो भाग शाओशिंगमधेच येतो म्हणजे युएचौवाला, तिथं मोठी बुद्धमूर्ती आहे म्हणून त्यांच्या चहाला दाफो लोंगजिंग म्हणतात, दाफो म्हणजे मोठा बुद्ध. ते मला दरवर्षी एक पाकीट द्यायचे आणि देताना दरवर्षी न चुकता सांगायचे, हा लोंगजिंग आहे, पण शीहू नाही हं. मी म्हणायचो आजोबा मला काय फरक कळतोय, देऊन टाका की शीहू म्हणून. तर ते नातीच्या मोबाईलवर ट्रान्सलेट करून दाखवायचे, तुला कळत नाही म्हणूनच सांगायला लागतंय.

आणि हे ऐकूनसुद्धा मी फसलो, ते पण सांगतो. २०१३ ला सुट्टी बघून एकटाच हांगझोऊला गेलो, तळ्याकाठी एक गोड बोलणारी बाई भेटली, म्हणाली गावात माझ्या घरी चला, चहा मोफत, झाडं दाखवते. गेलो. दारात कढई, कढईत हिरवी पानं, एक माणूस हात फिरवतोय, भिंतीवर फोटो, सगळा सरंजाम. अर्धा किलोचे आठशे युआन मोजले, तेव्हाचे जवळजवळ आठ हजार रुपये, आणि छाती फुगवून आजोबांपुढे ठेवला. त्यांनी डबा उघडला, पानं तळहातावर घेतली, वास घेतला नाही की काही नाही, नुसतं बघितलं आणि झाकण लावलं. रंग एकसारखा हिरवा होता. खरा चांगला शीहू लोंगजिंग भडक हिरवा नसतोच, त्यावर एक पिवळट झाक असते, ते लोक त्याला हातसडीच्या तांदळाचा रंग म्हणतात. माझ्या डब्यातला मागच्या वर्षीचा होता आणि बाहेरून आणलेला होता, कढईतली पानं फक्त दाखवायची. तुमच्या लेखात "पानं जितकी हिरवी तितका चहा अस्सल" असं छापलंय ना, नेमका त्याच वाक्याने माणूस फसतो, म्हणून हा खटाटोप.

नंतर २०१६ ला आजोबांच्या नातीने ओळखीतल्या घरी नेलं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे छिंगमिंग, ४-५ एप्रिलला येतो, आपल्या सर्वपित्रीसारखं, पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन झाडलोट करतात. चहाचं सगळं पंचांग या दिवसाला बांधलेलं. छिंगमिंगच्या आधी खुडलेला सगळ्यात भारी, मग २० एप्रिलच्या सुमारास गूयू म्हणजे धान्याचा पाऊस म्हणून दिवस येतो, त्याच्या आधीचा दुसऱ्या नंबराचा, त्यानंतर भाव कोसळतो. तिथल्या शेतकऱ्यांची म्हणच आहे, तीन दिवस आधी खुडला तर खजिना, तीन दिवस उशिरा खुडला तर गवत. त्यामुळे त्या दोन-तीन आठवड्यांत गावात कोणाला बोलायला वेळ नसतो. खुडायला बायका बाहेरून येतात, च्यांगशी, आन्हुई या शेजारच्या प्रांतांतून, जशा आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात तशा, कमरेला किंवा खांद्याला वेताची टोपली आणि डोक्यावर पसरट टोपी. एक कळी आणि तिच्याजवळचं एक पान, नाहीतर दोन, एवढंच घ्यायचं, आणि नखाने खुडायचं नाही, नख लागलं की ती जागा काळी पडते, दोन बोटांत धरून वर उचलायचं की सुटतं. अर्धा किलो एक नंबरचा चहा व्हायला असे तीस-चाळीस हजार कोंब लागतात. चार-पाच किलो ओली पानं, तेव्हा एक किलो चहा. त्या बायकांच्या बोटांकडे मी बघत राहिलो, आमच्या लूमवर कांडी भरणाऱ्या बाईची बोटं अशीच चालतात, बघून पण दिसत नाहीत.

आणलेली पानं आधी सावलीत सुपासारख्या वेताच्या ताटांवर पातळ पसरून काही तास ठेवतात, हिरवा उग्र वास जातो. मग कढई. कढई ओट्यात बसवलेली, आता इलेक्ट्रिकची, पूर्वी खाली लाकडं जळायची आणि जाळ सांभाळायला वेगळा माणूस बसायचा. भाजणारा गृहस्थ पन्नाशीचा, हातात मोजा नाही, काही नाही. आधी कढईला वनस्पतीच्या मेणासारखं काहीतरी चोळलं, जरासा धूर आला, पुसून घेतलं, मग मोठी ओंजळभर पानं टाकली आणि उघडा हात घातला. चटचट आवाज. मला म्हणाला हात धर, मी कढईच्या वर वीतभर अंतरावर हात धरला आणि लगेच काढला. हा बाबा तळव्याने पानं उचलतोय, झटकतोय, बोटांतून सोडतोय, मग कढईच्या अंगावर हलकेच दाबून वर ओढतोय, परत झटकतोय. या हातांच्या हालचालींची नावं ठरलेली आहेत, एकूण दहा, पकडणं, झटकणं, दाबणं, ढकलणं, घासणं असं करत करत, पण पाढे म्हटल्यासारखी एकामागून एक येत नाहीत, पान किती ओलं आहे, किती जाड आहे, आज हवा दमट आहे का, यावर हात आपोआप बदलतो. माझी आई तव्यावर भाकरी फिरवते तेव्हा कुठं चटका बसतो आणि कुठं नाही हे तिच्या बोटाला माहीत असतं, विचारलं तर सांगता येत नाही, तसंच हे. पंधराएक मिनिटांत ती पानं चपटी, मऊ झाली. ती काढून पसरून ठेवली, आतला ओलावा सगळीकडे सारखा होऊ दिला, मग दुसऱ्यांदा कढईत, यावेळी जास्त वेळ आणि जास्त दाबून, तेव्हा कुठं ते गुळगुळीत तलवारीच्या पात्यासारखं पान तयार होतं. नवशिक्यांच्या तळव्याला फोड येतात म्हणे, फोड येऊन गेले की मग शिकला. त्या गृहस्थाच्या मुलाला विचारलं तू करतोस का, तो मोबाईलमधून मान वर न करता नाही म्हणाला, शहरात ऑफिसला जातो. बाजारातला बराचसा चहा आता मशीनवरच भाजतात, हाताचं काम वरच्या मालापुरतं, नाहीतर पहिली आच मशीनवर आणि शेवटचा हात माणसाचा.

म्हणूनच २००८ ला चीन सरकारने या हाताच्या कामाला राष्ट्रीय वारशाच्या यादीत टाकलं, आणि २९ नोव्हेंबर २०२२ ला युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहा बनवण्याच्या सगळ्या पद्धती एकत्र करून जागतिक यादीत घेतल्या, ४४ वेगवेगळ्या कला त्यात आहेत, लोंगजिंग त्यातलीच एक. मजा म्हणजे ती बैठक होती मोरोक्कोत, रबातला. आणि मोरोक्कोचे लोक पुदिना घालून जो चहा पितात तो गोळी-गोळीचा गनपावडर चहा मुळात आमच्या शाओशिंगच्या बाजूचा, पिंगशुई म्हणून गाव आहे तिथून बोटी भरून जायचा. म्हणजे सर्टिफिकेट गिऱ्हाइकाच्याच घरी मिळालं.

इतिहास तुम्ही लेखात एका ओळीत उरकलात, "चीनच्या राजाचा आवडता चहा". त्यावर थोडं बोलतो, कारण राजाची गोष्ट लोकांना फार आवडते आणि बाकीचं मागे पडतं. आठव्या शतकात लू यू नावाच्या माणसाने चहावर पहिलं मोठं पुस्तक लिहिलं, त्यात हांगझोऊच्या थिएनचू आणि लिंगयिन या दोन देवळांजवळ चहा होतो असं नोंदलंय, म्हणजे आधी हा भिक्षूंचा चहा. अकराव्या शतकात बिएनत्साय नावाचा म्हातारा भिक्षू लोंगजिंगच्या डोंगरात येऊन राहिला, आणि त्याच्याकडे गप्पा मारायला कोण यायचं तर सू तुंगफो, मोठा कवी आणि त्या वेळी हांगझोऊचा अधिकारी, तळ्यातला गाळ काढून ज्याने बांध घातला तो, त्या बांधावरून आज पण लोक फिरतात. पण तेव्हाचा चहा बहुतेक दाबून केलेल्या वड्यांचा असायचा, कुटून पूड करून प्यायचे. १३९१ ला मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने नजराण्यात वड्या नकोत, सुटी पानं पाठवा असं फर्मान काढलं, तिथून सुट्या पानाचे आणि कढईत भाजण्याचे दिवस आले. मग अठराव्या शतकात छियानलोंग बादशहा, ज्याने दक्षिणेचे सहा दौरे केले, आणि ज्याने या चहावर खरोखरच कविता लिहिल्यात. त्याची दंतकथा अशी की तो स्वतः पानं खुडत होता, तेवढ्यात आई आजारी पडल्याचा निरोप आला, पानं बाहीत कोंबून तसाच निघाला, राजधानीत पोचेपर्यंत ती दबून चपटी झाली, आईने प्यायला आणि बरी झाली, मग राजाने १८ झुडपांना राजझाडांचा मान दिला. ती १८ झुडपं हूकुंग देवळासमोर कठड्यात आजही दाखवतात, फोटोला गर्दी असते. ऐकायला छान आहे, पण तो कढईवाला गृहस्थ हे ऐकून म्हणाला, बाहीत ठेवून चपटा होत असता तर मी माझे हात कशाला भाजून घेतले असते. मला त्याचं पटतं.

राजापेक्षा मला आपल्याशी जोडलेली गोष्ट जास्त टोचते. हा चहा असो की दुसरा, चीनचा चहा घ्यायला इंग्रजांना चांदी मोजावी लागायची, ती वाचवायला त्यांनी अफू पुढे केली, आणि त्यातली माळव्याची अफू चीनला जायची ती आपल्या मुंबई बंदरातून, मुंबईतल्या कित्येक मोठ्या घराण्यांची श्रीमंती तिथून आलेली आहे. आणि १८४८ ला ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या माळ्याला चिनी वेष घालून, डोक्याला शेंडी लावून चहाच्या मुलखात पाठवलं, तो याच हांगझोऊवरून पुढे गेला, रोपं, बिया आणि पुढे कारागीर पण हिमालयाच्या पायथ्याला आणले. त्याने हिरव्या चहाच्या मुलखात अजून एक गोष्ट बघितली, परदेशी गिऱ्हाइकाला हिरवागार चहा आवडतो म्हणून कारागीर त्यात निळा रंग आणि जिप्सम मिसळत होते, स्वतः मात्र तो पीत नव्हते. म्हणजे हिरव्या रंगाला भुलणारे आपण पहिले नाही.

बरं, एवढी हद्द आणि कायदा असून खोटं थांबलं का? नाही. प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या नोंदलेल्या जमिनीच्या मानाने मोजून स्टिकर मिळतात, आता त्यावर कोड असतो, मोबाईलने स्कॅन करायचा, पण ज्याचा चहा कमी निघाला त्याचे स्टिकर उरतात आणि उरलेले स्टिकर बाजारात विकले जातात हे तिथल्याच बातम्यांत येतं. २०२२ च्या मार्चपासून हांगझोऊने याच्यावर नवीन कायदा आणला. आपल्याकडे देवगडच्या बागायतदारांनी हापूसवर एकेका फळाला कोडचा स्टिकर लावायला सुरुवात केली ते वाचलं तेव्हा मला आजोबाच आठवले, हापूसला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळूनसुद्धा कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून पेटीत बसतोच ना. कागद देवगडचा, आंबा कुठला ते आंब्याला माहीत. एक गोष्ट मात्र खरी, तिथं निदान पाकिटावर गावाचं नाव वाचून लोक वाद घालतात. आपल्याकडे ऑनलाइन "ओरिजिनल ड्रॅगन वेल" म्हणून जी पाकिटं मिळतात त्यातल्या बऱ्याच पाकिटांवर कुठला भाग, कुठल्या वर्षाची खुडणी, काही नसतं, आणि तुमच्यासारखे पेपर पण विचारत नाहीत.

अजून एक वाद तिथं चालतो तो झाडाच्या जातीचा. हांगझोऊलाच त्यांची मोठी चहा संशोधन संस्था आहे, तिने १९६० पासून निवड करत करत लोंगजिंग ४३ नावाची जात काढली, १९८७ ला तिला मान्यता मिळाली. जुन्या बियांच्या झुडपांपेक्षा ती आठवडाभर आधी फुटते आणि सगळी एकदम फुटते, म्हणजे शेतकऱ्याला छिंगमिंगच्या आधीचा भाव सापडतो. जुनी झुडपं बियांपासून आलेली, प्रत्येकाचं पान वेगळं, कोणाचं लांब कोणाचं गोल, कोंब मागे-पुढे, भाजणाऱ्याची परीक्षा. आजोबा म्हणायचे जुन्या झुडपाचा चहा पोटात जाऊन बोलतो. आता हे म्हातारपणाचं बोलणं समजा, पण दोन्ही शेजारी-शेजारी प्यायल्यावर मलासुद्धा जुना जरा जाड वाटला, नवा जास्त सुगंधी.

आता घरची गोष्ट, यात चूक माझी. २०१७ ला एक चांगला डबा घेऊन आलो आणि कौतुकाने स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवला, वरच्या फळीवर. शेजारी काय, तर वर्षाचा कांदा-लसूण मसाला. पंधरा दिवसांनी पाहुण्यांना म्हणून काचेच्या ग्लासात केला, पानं अगदी नाचत होती, पाहुण्यांनी घोट घेतला आणि विचारलं, यात तिखट घालतात का ओ? हिरवा चहा वास शोषतो, कापूस पाणी शोषतो तसा. तिकडे जुन्या पद्धतीने चहा ठेवताना रांजणाच्या तळाला कळीचा चुना घालतात, त्यावर कागदात बांधलेल्या पुड्या, तोंड गच्च बंद. चुना ओलावा ओढून घेतो, आणि काही दिवस तसा ठेवला की चहाचा कच्चेपणा जाऊन वास अजून उघडतो म्हणतात. आपल्याकडे घरात एवढं करायला नको, हवाबंद डबा, मसाल्यापासून लांब, आणि वर्षाच्या आत संपवायचा. जपून ठेवायची चीज नाही ही.

तुमच्या कृतीच्या जागी ही छापा. पाणी उकळा, मग गॅस बंद करून पाच-सात मिनिटं गार होऊ द्या, साधारण ८० डिग्रीला यायला पाहिजे. काचेच्या ग्लासात तीन ग्रॅम चहा, म्हणजे हलका चमचाभर, त्यावर पाव ग्लास पाणी, जरा फिरवा, वास घ्या, मग बाकीचं ओता. दोन-तीन मिनिटं थांबा. लिंबू नको, मध नको, गाळणी नको. खळखळ उकळला तर कडू जहर होतो, आणि मग त्या कडूपणावर मध ओतून लोकांना वाटतं हेच औषध. उपाशीपोटी तर अजिबात सांगू नका, मी केलंय, मळमळून बाथरूममध्ये उभा होतो, त्यात कॅफिन असतं हे लेखात कुठंच नाही. वजनाचं म्हणाल तर मी सात वर्षं रोज प्यायलो आणि सात किलो वाढलो, त्यात चहाचा दोष नाही, केचिआओच्या नूडल्सचा आहे.

तिथल्या लोकांचं अजून एक ठाम मत, की लोंगजिंग चहा हूपाओच्या झऱ्याच्या पाण्यात करावा, ती दोन्ही नावं ते जोडीनेच घेतात. रविवारी पहाटे म्हातारे-म्हाताऱ्या कॅन घेऊन झऱ्यावर रांगेत उभे असतात, मी बघितलंय. आपल्या इचलकरंजीत पाण्याची काय परिस्थिती ती तुम्हीच छापता, तेव्हा त्यावर बोलत नाही.

२०१९ नंतर माझं जाणं थांबलं, आधी कोरोना, मग जून २०२० ला आपल्याकडे वीचॅट, म्हणजे चिनी लोकांचं व्हॉट्सॲप, बंद झालं, आणि आजोबांच्या नातीचा संपर्क फक्त त्यावरच होता. शेवटचं पाकीट २०१९ च्या वसंतातलं. दोन चिमटी राहिली आहे, प्यायच्या लायकीची नाही, बायको दर दिवाळीला फेकून द्या म्हणते. पाकिटावर आजोबांनी पेनाने काहीतरी चिनीत लिहिलं होतं, मी परवा तुमचा लेख वाचल्यावर एकाला फोटो पाठवून विचारलं काय आहे ते. शिनचांगचं नाव आणि खुडायची तारीख, बास.

पुढच्या रविवारी चौकटीत दुरुस्ती छापाल अशी आशा करतो.

आपला नियमित वाचक,
एक कापड व्यापारी, इचलकरंजी

ता. क. लेखाच्या वर जो मोठा फोटो टाकलाय, हिरव्या पुडीचा वाडगा आणि शेजारी बांबूचा ब्रश, तो लोंगजिंग नाही, चीनचा पण नाही. तो जपानचा माचा आहे.